नर्मदा परिक्रमा टप्प्याटप्प्याने: नोकरी-घर सांभाळून काही वर्षांत पायी पूर्ण कशी करावी

नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही काठ धरले की २६०० च्या वर जातात. वाट कुठे काठ सोडून आत वळते आणि कुठे धरणाच्या फुगवट्याला वळसा घालते, त्यावर हा आकडा ३००० च्या आसपासही पोचतो. रोज १८ किलोमीटर चाललं तरी जवळजवळ पाच महिने हवेत. शास्त्रात सांगितलेली तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची परिक्रमा तर वेगळीच. नोकरी करणाऱ्याला, शेती-दुकान असणाऱ्याला, घरी म्हातारी माणसं किंवा शाळेत जाणारी मुलं असणाऱ्याला एवढी सलग सवड निवृत्तीआधी मिळत नाही. आणि निवृत्तीनंतर गुडघे साथ देतीलच असं नाही.

म्हणून टप्प्याटप्प्याने. हिला कमी लेखणारे काठावर भेटतील, घरीही भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नका. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड यांनी १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना चालायला सुरुवात केली, तीही तुकड्यातुकड्यांनीच, आणि नर्मदेचा काठ त्यांच्याइतका डोळे भरून फार थोड्यांनी पाहिला असेल. माझं स्पष्ट मत आहे की तुकड्यांनी केलेली परिक्रमा पूर्ण परिक्रमाच आहे. फक्त तिची एक अट आहे: सांधे पक्के हवेत. सलग चालणारा जिथे दमेल तिथे थांबतो. तुकड्यांनी चालणाऱ्याला मात्र या वर्षीचा टप्पा कुठे थांबवायचा आणि पुढच्या वर्षी नेमका तिथूनच कसा उचलायचा, हे घरून निघण्याआधी ठरवावं लागतं. बाकीची तयारी या एका गोष्टीभोवती फिरते.

नियम, टप्प्यांच्या हिशेबाने

नर्मदामैया कायम उजव्या हाताला ठेवायची. म्हणजे दक्षिण तटावरून समुद्राकडे आणि उत्तर तटावरून अमरकंटककडे. प्रवाह ओलांडायचा नाही; वळसा फक्त दोन ठिकाणी, उगमाला अमरकंटकला आणि संगमाला समुद्रातून. उपनद्या ओलांडायला हरकत नाही. कुंदी, गोई, करजण, ओरसंग या ओलांडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. कालव्यांबद्दल काही कर्मठ मंडळी आक्षेप घेतात. आज सरदार सरोवर आणि बरगी या धरणांचे कालवे टाळून चालणं शक्य नाही, तेव्हा त्याचा ताण घेऊ नका. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी हा चातुर्मास, त्यात चालायचं नाही. पात्रात खोल उतरायचं नाही, साबण लावायचा नाही, सूर्यास्तानंतर चालायचं नाही.

ओंकारेश्वराचं ज्योतिर्लिंग मांधाता बेटावर आहे. परिक्रमा चालू असताना तिथे जाता येत नाही, कारण मधली धार ओलांडावी लागते. दर्शन आधी घ्यायचं, नाहीतर परिक्रमा संपवून जल चढवायला जायचं. मधल्या काळात दक्षिण तटावरच्या ममलेश्वराला नमस्कार करायचा.

आता तुकड्यांनी चालणाऱ्यांना सतावणारा खरा प्रश्न. दोन टप्प्यांच्या मध्ये घरी जाताना-येताना पुलावरून नर्मदा ओलांडली तर? यावर माझ्या माहितीतले बहुतेक जण करतात तोच उपाय सांगतो. संकल्प एका टप्प्यापुरता सोडायचा: अमुक घाटापासून तमुक घाटापर्यंत. टप्पा संपला की त्या घाटावर पूजा, आरती आणि संकल्पपूर्ती. पुढच्या वेळी त्याच घाटावर नवा संकल्प. मग मधल्या प्रवासात गाडी पुलावरून गेली तरी मनाला टोचणी लागत नाही. तरीही ज्यांना एकदाही ओलांडायचं नाही त्यांच्यासाठी महाराष्ट्रातून एक सोय आहे, जी फारशी कुणी सांगत नाही. दक्षिण तटावर आपल्याकडून कुठेही जाताना नर्मदा आडवी येत नाही. खांडवा, अंकलेश्वर, हरदा, इटारसी, करेली ही स्थानकं दक्षिणेलाच आहेत आणि अमरकंटकला बिलासपूरवरून पेंड्रा रोडला उतरून जाता येतं. अशा माणसाने अमरकंटकला सुरुवात करावी. समुद्रापर्यंतचा पूर्ण अर्धा भाग, मग तो कितीही वर्षांत होवो, एकही पूल न ओलांडता होतो. उत्तर तटाचा अर्धा भाग मग निवृत्तीसाठी किंवा मोठ्या रजेसाठी राखून ठेवता येतो.

इतरांना मी ओंकारेश्वरहून सुरू करायला सांगेन. जवळ पडतं, ओंकारेश्वर-बडवानीच्या या निमाड भागात आश्रम दाट आहेत, वाट सपाट आहे आणि पहिल्या टप्प्यात जे शिकायचं ते सगळं तिथे शिकायला मिळतं.

रजेचा हिशेब

कागद घ्या. शनिवार ते पुढच्या आठवड्याचा रविवार अशी नऊ दिवसांची रजा धरली तर जाण्या-येण्याचे दोन वजा जाऊन सात दिवस चाल. रोज सरासरी १८ किलोमीटर म्हणजे १२६. या हिशेबाने परिक्रमेला एकवीस फेऱ्या लागतात. तेच सोळा दिवस काढले तर चौदा दिवस चाल, सुमारे २५० किलोमीटर, आणि काम दहा-अकरा फेऱ्यांत होतं. प्रवासाचे दोन दिवस दोन्हीकडे सारखेच जातात, म्हणून लहान टप्पे महाग पडतात. शिवाय पहिले तीन दिवस अंग रुळण्यातच जातात. त्यामुळे वर्षातून दोनदा आठवडाभर जाण्यापेक्षा एकदाच दोन आठवडे जाणं कधीही चांगलं. ज्याला एका हिवाळ्यात दोन मोठे टप्पे जमतात, एक तुळशीचं लग्न आटोपल्यावर आणि एक संक्रांतीनंतर, त्याची परिक्रमा पाच-सहा वर्षांत होते.

रजा मागताना घरच्यांनाही तेवढ्याच गांभीर्याने विचारा. दरवर्षी दिवाळीनंतर दोन आठवडे माणूस घरात नसणार, हे पाच-दहा वर्षांचं ठरवून करायचं काम आहे. ते एकट्याने ठरवलं तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी अडतं.

टप्पे कुठे तोडावेत

टप्पा संपवायची जागा निवडताना तीन गोष्टी बघा: तिथून त्याच दिवशी बस किंवा रेल्वे मिळते का, घाट आणि आश्रम असा आहे का की जो पुढच्या वर्षीही ओळखता येईल, आणि पुढच्या टप्प्याची सुरुवात सोपी आहे का. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. घरून आलेल्या पायांना पहिल्याच दिवशी डोंगर चढायला लावू नये.

ओंकारेश्वर ते बडवानी हा पहिला टप्पा, आठ ते दहा दिवसांचा. खांडव्याला उतरून सनावदमार्गे बसने ओंकारेश्वर. वाटेत रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. २८ एप्रिल १७४० ला त्यांनी इथेच देह ठेवला. मराठी माणसाने इथे अर्धा दिवस तरी थांबावं असं मला मनापासून वाटतं. पुढे दक्षिण तटावरून महेश्वरचा घाट आणि अहिल्याबाईंचा वाडा समोर दिसतो. तिथे आता जायचं नाही, तो उत्तर तटाच्या वाट्याचा. बडवानीहून सेंधवा, तिथून मुंबई-आग्रा रस्त्याने धुळे-नाशिक. परतीचा प्रवास सोपा.

बडवानी ते गोरा म्हणजे शूलपाणीची झाडी. सगळ्या परिक्रमेतला हा सर्वांत अवघड आणि, माझ्या लेखी, सर्वांत समृद्ध टप्पा. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जुनी काठाची वाट गेली, जुनं शूलपाणेश्वर मंदिरही गेलं. नवं मंदिर गोरा इथे आहे. आजची वाट सातपुड्याच्या धारांवरून, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, मोलगी भागातून गुजरातेत माथासर, झरवाणीकडे उतरते. नर्मदा महाराष्ट्राला फक्त ७४ किलोमीटर लाभली आहे, तीही मध्य प्रदेश आणि गुजरातच्या सीमेवरून, आणि तो सगळा भाग याच टप्प्यात येतो. पूर्वी इथे भिल्ल मामा यात्रेकरूंना लंगोटीपर्यंत लुटत, ही कथा तुम्हाला पन्नासदा ऐकवली जाईल. आज परिस्थिती नेमकी उलटी आहे. ज्या घरात स्वतःला पुरेल एवढंच धान्य असतं त्या घरातली बाई मक्याची भाकर आणि मिरचीची चटणी पुढे ठेवते, आणि तुम्ही पैसे काढलेत तर तिला राग येतो. इथल्या कित्येक कुटुंबांची शेतं आणि घरं धरणात गेली आहेत. त्यांच्या पाड्यावरून जाताना आवाज खाली ठेवा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. हा टप्पा बडवानीलाच सुरू करा आणि गोरापर्यंत पोचल्याशिवाय सोडू नका. मधे तोडला तर सांधा जुळवणं फार कठीण, कारण पायवाटा दरवर्षी बदलतात आणि पाड्यांवर गाड्या मोजक्या. पहिल्या दिवशी मात्र बडवानीच्या आसपासच राहा, डोंगराला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिडा. डिसेंबर-जानेवारी उत्तम.

गोरा, राजपिपळा, अंकलेश्वर, विमलेश्वर, तिथून नावेने उत्तर तटावरचं मिठी तलाई आणि मग भरूच. चाल सोपी आहे, पण नाव तुमच्या वेळापत्रकाने सुटत नाही. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सर्वांत मोठ्यांपैकी आहे. नावाडी भरती बघून नाव सोडतो, मग ती पहाट असो की मध्यरात्र. गर्दी असेल तर नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून या टप्प्यात दोन दिवस जादा ठेवा, परतीचं तिकीट त्या हिशेबाने काढा. नावेत काही तास बसायचं असतं: उलटीची गोळी, गरम कपडे, सगळं सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. विमलेश्वरला टप्पा संपवायचा मोह होईल. एकदाही पूल न ओलांडणारे सोडले तर बाकीच्यांनी संपवू नये. समुद्र ओलांडून भरूचला थांबा, स्टेशन समोर आहे आणि पुढच्या वर्षी सपाट रस्त्याने सुरुवात होते.

भरूच ते गरुडेश्वर आठवड्याभराचा टप्पा आहे, रजा कमी असलेल्या वर्षातही बसणारा. दत्तभक्तांना यातलं नारेश्वर आणि गरुडेश्वर वेगळं सांगायला नको. सावंतवाडीजवळच्या माणगावात जन्मलेल्या टेंबे स्वामींनी १९१४ मध्ये गरुडेश्वरला समाधी घेतली. इथे राहायची, जेवायची सोय चांगली आणि परतायला बडोदा जवळ.

गरुडेश्वर ते महेश्वर दोन आठवडे धरा. अलिराजपूर, कुक्षीचा भाग आहे. उत्तरेकडची झाडी शूलपाणीइतकी बिकट नाही, पण वस्ती विरळ. महेश्वर ते नेमावर या पट्ट्यात जंगल लागतं आणि इंदिरासागर, ओंकारेश्वर धरणांच्या फुगवट्यामुळे वाट काठापासून लांब जाते. नेमावरहून पूल ओलांडला की हंडिया, तिथून हरदा स्टेशन. पुढे नेमावर ते जबलपूर, मग जबलपूर ते अमरकंटक. हे दोन्ही लांब टप्पे आहेत, अठरा-वीस दिवस मिळाले तरच एका दमात होतात, नाहीतर प्रत्येकाचे दोन करा. जबलपूरच्या वर बरगीचा जलाशय लांबवर आत शिरलेला आहे, त्यामुळे नकाशावरचं अंतर आणि पायाखालचं अंतर यात मोठी तफावत पडते.

अमरकंटक ते करेलीजवळचं बरमान, आणि तिथून नर्मदापुरम्, हंडिया करत ओंकारेश्वर हे शेवटचे दोन. दिंडोरी-अमरकंटक पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत थंडी कडाक्याची पडते, पहाटे गवतावर दंव गोठतं. हा भाग फेब्रुवारीत चाला. उलट निमाड आणि गुजरातचे टप्पे फेब्रुवारी संपायच्या आत उरका. मार्चपासून निमाड तापायला लागतं.

नुसती चव घ्यायची असेल, किंवा जमेल की नाही अशी शंका असेल, तर चैत्रातली उत्तरवाहिनी परिक्रमा करून बघा. रामपुरा ते तिलकवाडा या पट्ट्यात नर्मदा उत्तरेकडे वाहते. दोन्ही काठ मिळून वीस-एकवीस किलोमीटर, एका दिवसात होतात.

दरवर्षी नव्याने तयारी

आषाढी वारी केलेल्यांना वाटतं, चालायची सवय आहे. सवय असते, पण वारीत दिंडीचं सामान ट्रकवर पुढे गेलेलं असतं, स्वयंपाक तयार असतो, तंबू लागलेला असतो. इथे सगळं पाठीवर. आणि तुकड्यांनी चालणाऱ्याची एक अडचण सलग चालणाऱ्याला नसते. त्याचे पाय दहा-बारा दिवसांत घट्टे पडून तयार होतात आणि पुढचे चार महिने तसेच राहतात. आपले पाय दरवर्षी कोवळे होऊन परत येतात. दरवर्षी आपला पहिलाच आठवडा असतो.

म्हणून निघण्याआधी सहा आठवडे, रोज पहाटे किमान एक तास, शेवटच्या तीन आठवड्यांत भरलेली सॅक पाठीवर घेऊन चाला. रविवारी एकदा सलग पंधरा किलोमीटर, तेही शक्यतो मातीवर. बूट याच काळात रुळवा. काठावर पहिले तीन दिवस बारा किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, कितीही उत्साह असला तरी. चौथ्या दिवसापासून वाढवा.

अनवाणी चालण्याबद्दल: श्रद्धा म्हणून सलग परिक्रमेत अनवाणी चालणारे आहेत, त्यांच्या पायांना तेवढा वेळ मिळतो. दोन आठवड्यांच्या टप्प्यात तळवा टणक होत नाही, नुसता सोलवटतो. आरतीला, पूजेला अनवाणी उभे राहा. चालताना बूट घाला. मधुमेह असेल तर अनवाणी अजिबात नाही, आणि रोज संध्याकाळी आरशात किंवा सोबत्याकडून तळवे तपासून घ्या.

टाच किंवा बोट चुरचुरायला लागलं की त्याच क्षणी थांबा. पुढच्या गावात बघू म्हटलं की फोड ठरलेला. बूट-मोजा काढा, पाय पुसून पूर्ण कोरडा होऊ द्या, चुरचुरणाऱ्या जागेवर चिकटपट्टी सुरकुती न पाडता लावा. तिच्या कडा कात्रीने गोल कापल्या तर मोज्यात उचकटत नाहीत. मोजे बदला, ओले मोजे सॅकला पिनेने बाहेर लटकवा. फोड आलाच आणि चालवत नसेल तर सुई ज्योतीवर तापवून थंड होऊ द्या, कडेला टोचा, पाणी हलकेच दाबून काढा, वरची कातडी मात्र काढू नका. ती तुमची सर्वांत चांगली पट्टी असते.

पाठीवर काय

पाण्यासकट आठ किलोच्या आत. दोन पांढरे किंवा फिके सुती जोड, एक अंगावर एक पाठीवर. गरम टोपी, स्वेटर, हलकी स्लीपिंग बॅग, खाली अंथरायला ताडपत्रीचा तुकडा. ताट-वाटी-पेला, कारण आश्रमात भांडी पुरतीलच असं नाही. बॅटरी, पॉवर बँक, सुई-दोरा, नायलॉनची दोरी, क्षारसंजीवनी, ताप-जुलाबाची औषधं, स्वतःची नेहमीची औषधं टप्प्याच्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्त. आधार कार्डाची प्रत. शौचासाठी छोटी खुरपी. पहाटे उजाडण्याआधी, काठापासून लांब. पूजेचं सामान, आणि नर्मदाजलाची कुपी.

दंड म्हणजे काठी, तिला देखाव्याची वस्तू समजू नका. चिखलात, उतारावर आणि कुत्र्यांसमोर तिचा उपयोग होतो.

कुपीचं टप्प्यांमध्ये काय करायचं, हे बरेच जण विचारतात. घरी नेऊन देवघरात ठेवा, रोज पूजा करा, पुढच्या टप्प्याला तीच बरोबर आणा. चालताना सकाळी थोडं जुनं पाणी मैयात सोडून थोडं नवं भरायची पद्धत अनेक जण पाळतात. झाकण घट्ट हवं, नाहीतर रेल्वेत सॅक भिजते.

दिवस कसा जातो

उजाडताच निघा. गावागावात "नर्मदे हर" म्हणत कुणी ना कुणी चहाला बोलावतं. पुरुषांना बाबाजी, बायकांना मैयाजी किंवा माताराम म्हणतात. तुमचं नाव, पद, गाव कुणी विचारत नाही, आणि ते फार छान असतं. अकरा-बाराच्या सुमाराला भोजनप्रसादी, थोडी विश्रांती, आणि चारच्या आत मुक्कामी पोचायचं.

आश्रमात गेलं की आधी नमस्कार, मग विचारायचं: आसन लावू का? लगेच प्रश्न येतो, "कितने मूर्ति?" चार माणसं असाल तर चार मूर्ती म्हणा, आणि मागून आणखी दोघे येत असतील तर तेव्हाच सांगा. त्यांना पीठ त्या हिशेबाने भिजवायचं असतं. उशिरा पोचलात आणि स्वयंपाक आटोपला असेल तर सदाव्रत मागा: पीठ, डाळ, मीठ, कधी एखादा बटाटा मिळतो, रांधायचं आपण. म्हणून शूलपाणीत तरी एक लहान पातेलं असू द्या. ताट स्वतः घासा, सकाळी जागा झाडून निघा.

पैशांबद्दल माझं मत ठाम आहे. इथे कुणी मागत नाही म्हणून फुकट राहायचं, असं होऊ नये. महाराष्ट्रातून इतकी माणसं येतात की छोट्या आश्रमांवर खरोखर ओझं पडतं. दानपेटीत तुमच्या जेवणाचा आणि पुढच्या एका माणसाच्या जेवणाचा खर्च टाका, न सांगता. दोन ते चार जणांनी जावं. दहा-बारा जण एकदम कुणाच्या ओसरीवर उतरले की त्या घराची दैना होते. बायकांनी किमान दोघी-तिघींनी मिळून जावं, मुक्काम शक्यतो भरवस्तीतल्या आश्रमात किंवा कुटुंबाच्या घरी. वापरलेले पॅड आणि प्लॅस्टिक बरोबर पिशवीत घ्या, मोठ्या गावात टाका. घाटावर जुने कपडे सोडायची पद्धत अगदी बंद करायला हवी. मैयाला त्याचा काही उपयोग नाही आणि माशांना त्रास.

पाण्याची भीती बाळगा

धरणांच्या खालच्या बाजूला नदीपात्रातल्या वाळूवर झोपायचं नाही, कितीही सुंदर जागा असली तरी. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला यात्रा भरलेली असताना वरच्या धरणातून सोडलेलं पाणी रात्री अचानक चढलं आणि अनेक भाविक वाहून गेले. भोंगा वाजला की आंघोळ अर्धी सोडून वर या. जलाशयांमध्ये मगरी आहेत. गावकरी जिथे उतरतात तिथेच आंघोळ करा, लोट्याने.

काठाने जायचं की सडकेने? जिथे पायवाट मळलेली आहे तिथे काठ. जिथे उभं पीक आहे, फुगवटा आहे किंवा पावसाळ्यातला गाळ अजून ओला आहे, तिथे मुकाट्याने सडक. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. तरुण मुलं मोटारसायकलचा रस्ता सांगतात. फोनमध्ये नकाशे आधीच उतरवून ठेवा, झाडीत दिवसदिवस नेटवर्क नसतं. घरी तसं सांगून ठेवा, नाहीतर काळजीने त्यांचा जीव जातो.

सांधा कसा बांधायचा

शेवटच्या दिवशी ठरलेल्या घाटावर पोचल्यावर घाईने बस पकडू नका. अर्धा तास ठेवा. पूजा, संकल्पपूर्ती झाली की वही काढा आणि तिथेच बसून लिहा. माझ्या वहीत साधारण असं असतं:

"दक्षिण तट. घाटाच्या वरच्या पायरीशेजारी पिंपळ, त्याखाली हनुमान. आश्रम डाव्या हाताला, निळा दरवाजा. पुढची वाट पिंपळामागून, आधी नाला, मग कापसाचं शेत. पुढचा मुक्काम सहा कोस म्हणाले. बस सकाळी साडेसात, फाट्यावरून."

त्याच्या जोडीला दोन फोटो: एक घाटाचा, एक ज्या वाटेने पुढच्या वर्षी निघायचं तिचा. फोनवर ठिकाण जतन करा. आश्रमाच्या महाराजांचा फोन नंबर घ्या आणि वहीवर शिक्का मिळत असेल तर घ्या. पुढच्या आश्रमात ओळख म्हणून उपयोगी पडतो. पुढच्या वर्षी निघायच्या महिनाभर आधी त्यांना फोन करून विचारा: वाट आहे का, पाणी किती चढलंय, आश्रम चालू आहे का. वर्षभरात बरंच बदलतं. मठ दुसऱ्याकडे जातो, नवा पूल होतो, जुनी वाट पाण्याखाली जाते.

मधेच आजारपण आलं, घरून फोन आला, आणि ठरलेल्या घाटाआधी थांबावं लागलं तर अपराधी वाटून घेऊ नका. जवळच्या देवळाशी थांबा, मैया दिसत असेल तर तिकडे तोंड करून संकल्प थांबवा आणि तीच जागा वहीत लिहा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात, दहा किलोमीटर पुढच्या सोयीच्या गावापासून नाही. असे लहान तुकडे "नंतर बघू" म्हणून मागे राहिले की ते जमत जातात, आणि शेवटी ओंकारेश्वरच्या आधी चार ठिकाणची चार भोकं बुजवायला वेगळं वर्ष लागतं.

टप्पे क्रमानेच करा. यंदा सोबत मिळाली म्हणून झाडी आधी, पुढे सवड मिळाली की अमरकंटक, असं केलं तर अंतर भरतं पण प्रदक्षिणा होत नाही.

शेवटचा टप्पा

ज्या घाटावरून पहिला संकल्प सोडला तिथेच परत यायचं. आधी वही उघडून सगळे सांधे तपासा. कुठे तुटक असेल तर ते चालून घ्या, मगच कुपीतलं जल ओंकारेश्वराला चढवा. त्यानंतर कढाई: शिरा करून मैयाला नैवेद्य, कन्याभोजन आणि घाटावरच्या परिक्रमावासींना प्रसाद. घरच्यांना या दिवशी बोलवून घ्या, इतकी वर्षं त्यांनी घर सांभाळलं म्हणून तुम्ही चालू शकलात. त्यांच्यासह बेटावर जायचं, तर ते जल चढवतानाच. आता धार ओलांडायला मोकळीक असते.

पहिला टप्पा यंदाच करायचा असेल तर रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. पंचांगात कार्तिकी एकादशी बघा, तिथून साठ दिवस मागे मोजा, आणि खांडव्याचं तिकीट त्या दिवशी काढा. दिवाळीनंतरच्या गाड्या लवकर भरतात.